चाचणी आणि गोळीमधली वाट
कन्हान-पारशिवनी पट्ट्याला सिकलसेल नवा नाही, आणि त्याची पहिली तपासणी सोपी आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की दोष आहे. पण माणूस वाहक की रुग्ण, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते, आणि माणसं हातून निसटतात ती इथेच. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. मला तपासलेल्यांचा आकडा पुरेसा वाटत नाही. पहिल्या नळीपासून उपचाराच्या, म्हणजे हायड्रॉक्सियुरियाच्या, गोळीपर्यंत किती जण, किती दिवसांत पोचले, कुठल्या पायरीवर गळाले, हे गावनिहाय मांडलं तरच ठरवता येईल, की यंत्र घ्यायचं, नमुने नेणारी गाडी वाढवायची, की आशाताईंच्या हाती पाठपुराव्याची यादी द्यायची. किती बाळं रुग्ण जन्मतील, याचं गणितही अवघड नाही. एखाद्या समाजात 20 टक्के वाहक असतील आणि लग्नं आपसातच होत असतील, तर साधारण 100 जोडप्यांत 4 ठिकाणी दोघेही वाहक निघतील. त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे 100 बाळांमागे एक! हेच बाळ पहिल्या सहा महिन्यांत त्या नळीने तपासलं, तर गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमुळे निरोगी भासू शकतं. म्हणून जन्मनोंदीच्या रजिस्टरमध्येच आईबापांचा सिकलसेल अहवाल हवा, आणि बाळाच्या पुढच्या तपासणीची तारीखही.