आयर्लंडचें स्वत्व आणि परदेशी वारा

राजकीय स्वातंत्र्य मिळालें म्हणजे राष्ट्राची बुद्धिही आपोआप स्वतंत्र होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती भ्रामक आहे हें पाहावयाचें असल्यास दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील आयर्लंडकडे पाहावें. दीर्घ झगड्यानंतर १९२२ सालीं तेथें फ्री स्टेट स्थापन झालें. आणि अवघ्या सात वर्षांनीं, १९२९ सालीं, त्याच स्वकीय सरकारनें पुस्तकांवर व नियतकालिकांवर नियंत्रण घालणारा कायदा केला. परक्यांच्या बेड्या तोडणाऱ्या हातांनींच स्वकीयांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कायदा करणारांची बाजू आम्ही प्रथम मांडतों. इंग्लंडांत छापलेलीं सवंग वर्तमानपत्रें आयर्लंडच्या बाजारांत येऊन पडत होतीं, आणि आयरिश भाषेची तर शतकानुशतकें गळचेपी झालेली होती. अशा वेळीं घर सावरण्याकरितां दार लोटून घ्यावें, असें तेथील पुढाऱ्यांस व धर्मगुरूंस वाटलें तें अगदींच अकारण नव्हतें. १९३२ नंतर डी व्हॅलेरा यांच्या सरकारनें परदेशी मालावर जबर जकाती बसविल्या, त्यांचाही हेतु घर सावरण्याचाच होता. परंतु माल आणि विचार यांस एकच न्याय लागू पडत नाहीं. परदेशी कापड आलें तर गांवचा माग बंद पडूं शकतो. परदेशी ग्रंथ आला तर गांवचा लेखक जागा होतो.

याचीं प्रत्यंतरें आयर्लंडांतच आहेत. जॉइस यांची 'युलिसिस' ही कादंबरी सर्वस्वीं डब्लिन शहराची. पण ती १९२२ सालीं प्रसिद्ध केली पॅरिसमधील सिल्व्हिया बीच या अमेरिकन पुस्तकविक्रेत्या बाईंनीं. १९२८ सालीं डब्लिनांत गेट थिएटर निघालें, त्याचे दोघे संस्थापक जन्मानें इंग्लिश, आणि पहिला प्रयोग नॉर्वेच्या इब्सेनचा! पुढच्याच वर्षीं डेनिस जॉन्स्टन या आयरिश लेखकाचें नाटक, जें प्रख्यात ॲबी थिएटरनें नाकारलें होतें, तें याच गेटनें रंगभूमीवर आणलें. फार काय, खेड्यापाड्यांतील आयरिश लोककथा शास्त्रीय पद्धतीनें गोळा करणारें मंडळ १९३५ सालीं स्थापन झालें, त्याचे प्रमुख डेलार्गी हे ती विद्या स्कँडिनेव्हियांतील पंडितांपासून शिकून आले होते. घरचा ठेवा ओळखण्याची दृष्टिही बाहेरून आली, ती अशी.

आमच्या वाचकांस आपुलकीची वाटेल अशीही एक गोष्ट आहे. वऱ्हाडांत बडनेरा येथें जन्मलेले श्रीपुरोहितस्वामी यांच्या आत्मचरित्रास १९३२ सालीं कवि येट्स यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि दोघांनीं मिळून केलेलें दहा उपनिषदांचें इंग्रजी भाषांतर १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. १९२३ चें नोबेल पारितोषिक मिळविलेल्या राष्ट्रकवीनें वृद्धापकाळीं एका मराठी संन्याशाजवळ बसून उपनिषदें समजून घेतलीं, म्हणून त्याचें आयरिशपण उणें झालें काय?

आतां कायद्याचें स्वरूप पाहूं. पांच जणांच्या मंडळानें एखादें पुस्तक अश्लील ठरवून शिफारस करावी आणि मंत्र्यानें त्याची विक्री बंद करावी, अशी योजना होती. लेखकाचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे असें बंधन मंडळावर नव्हतें. स्वतंत्र अपील-मंडळ मिळालें तें १९४६ सालीं. पक्षकारास न ऐकतां दिलेला निवाडा हा निवाडाच नव्हे, हें न्यायाचें पहिलें तत्त्व येथें बाजूस राहिलें. परिणाम काय झाला? बंदी रोखली होती परदेशी घाणीवर, पण घाव बसला घरच्या लेखकांवर. स्वातंत्र्याच्या चळवळींत स्वतः भाग घेतलेले शॉन ओफेलॉन यांचा पहिला कथासंग्रह १९३२ सालीं बंद झाला. त्याच वर्षीं येट्स व शॉ यांनीं आयरिश साहित्य-अकादमी स्थापून या नियंत्रणाविरुद्ध आवाज उठविला; पण पुस्तकांवरील अशी बंदी बारा वर्षांनीं आपोआप उठावी एवढी सुधारणा होण्यास १९६७ साल उजाडावें लागलें.

भीति खरी असली तरी तिच्यावर योजलेला उपाय खरा असतोच असें नाहीं. ज्यास आपलें स्वत्व बळकट करावयाचें आहे त्यानें आपली भाषा शिकवावी, आपले ग्रंथ छापावे, आपल्या लेखकांस पोटभर अन्न द्यावें. या कामास कष्ट पडतात. बंदीचा हुकूम काढण्यास एक सही पुरते. सोपा मार्ग तोच देशभक्तीचा मार्ग, अशी समजूत जेथें जेथें होईल, तेथें आयर्लंडनें या आडतीस वर्षांत भरलेली किंमत आठवावी.