मासे नंतर, आधी पाणी

ईदच्या आगेमागे आमच्याकडे माशांच्या टाकीविषयी हमखास पत्रे येतात. मुलांच्या हातात इदी जमलेली असते. पूर्वी दोन गोल्डफिशवर काम भागायचे. आता मोबाइलवर नारंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा पाहिलेल्या पोराला तोच हवा असतो, आणि तो तर समुद्रातला. या वेळी धुळ्याहून एका भगिनीने लिहिले आहे की, दुकानदाराने सकाळी टाकी बसवली, दुपारी मिठाचे पाणी तयार केले आणि संध्याकाळी चार मासे सोडले. पाचव्या दिवसापर्यंत चारही गेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. दुकानदार म्हणतो, मासेच कमजोर निघाले, दुसरे घेऊन जा.

आपा, दुसरे आत्ता आणू नका. आणि टाकीही ओतून टाकू नका.

मासे कमजोर होते असे आम्हाला वाटत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ होते हे खरे, पण नव्या पाण्यात घाण पचवणारे कोणी नसते. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य कुजले की तेही अमोनियाच देते. कोंबड्यांच्या खुराड्यात डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो हाच. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो. शंभर लिटरच्या टाकीत तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि आपल्याला वाटते, त्याला भूक लागली आहे. मग आपण आणखी खाद्य टाकतो. त्यात खारे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा पीएच आठच्या वर असतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणजे गोड्या पाण्यात गप्पी जेवढे सोसून जातो, तेवढे इथे चालत नाही.

यावरचा इलाज खान्देशातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातला आहे. केळीला युरिया दिला की मातीत त्याचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते केळीची मुळे उचलतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. शाळेच्या पुस्तकात नायट्रोजन चक्राची बाणांची आकृती असते, मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. टाकीत हेच चक्र सुरू व्हावे लागते. हौशी लोक त्याला ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात.

अडचण वेळेची आहे. दह्याचे जिवाणू एका रात्रीत भांडे भरतात. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायलाच त्यांना अर्धा ते दीड दिवस लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस तिच्यात मासा नको. दिवाही नको, नाहीतर शेवाळ माजते.

पण मासा नसेल तर जिवाणूंनी खायचे काय? त्यांना अमोनिया आपण द्यायचा. त्यासाठी अमोनियम क्लोराइडचे द्रावण मिळते. हा आपला नवसागर, उर्दूत नौशादर. कल्हईवाला तांब्याच्या पातेल्यात ज्याची चिमूट टाकतो तोच पदार्थ. मात्र कल्हईवाल्याकडचा टाकीत घालू नका. तो शुद्ध असेलच असे नाही, आणि तांब्याचा अंशसुद्धा समुद्री गोगलगायींना व कोळंबीला मारतो. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया पुरेसा होतो. जास्त दिल्याने काम लवकर होत नाही, उलट जिवाणूच गुदमरतात.

मग किटने पाणी तपासत राहायचे. आधी अमोनिया चढतो आणि उतरू लागतो. त्यानंतर नायट्राइट चढते, आणि ते बरेच दिवस हटत नाही. इथेच बहुतेकांचा सब्र सुटतो. पुढे तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. दोन मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. कॅलेंडर पाहू नका, किटचा रंग पाहा. साचलेले नायट्रेट कमी करायला बरेचसे पाणी बदला. त्याने जिवाणू जात नाहीत, ते पाण्यात कमी आणि दगड, वाळू, स्पंज यांना चिकटून जास्त असतात. म्हणूनच ‘जुन्या टाकीचे पाणी घाला’ या सल्ल्याला अर्थ नाही. कोणाच्या निरोगी खाऱ्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर मात्र ते खरे विरजण. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने विरजण मरेल.

आपल्या टाकीत मेलेल्या माशांचा अमोनिया आहेच, म्हणजे निम्मी सुरुवात झालेली आहे. मासे काढून टाका, पंप चालू ठेवा आणि आजपासून रोजचे आकडे मुलीला वहीत लिहू द्या.

पाण्याबद्दल थोडे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, ते नको. आरओचे पाणी घ्या आणि त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम घाला. स्वयंपाकाच्या मिठात समुद्राचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. हायड्रोमीटरवर १.०२५ आले पाहिजे. पाणी उडून गेले की मीठ मागेच राहते, म्हणून भर साध्या आरओच्या पाण्याचीच घालायची.

मे महिन्यात मात्र ही टाकी सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि टाकीला पंचवीस-सव्वीस अंश हवे असतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात वीज गेली की पंप बंद, आणि प्राणवायूवाचून जिवाणूही मरतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात नसेल तर बाकी सगळे खर्च व्यर्थ आहेत.

त्याच पत्रात विचारले आहे की दुकानदार प्रवाळ देतो म्हणतो, घ्यावे का? घेऊ नका. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडाही त्यातच आहे. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. हाजी अलीच्या दर्ग्याला जाताना ज्या खडकांवरून लाटा फुटताना आपण पाहतो, तिथेही प्रवाळ आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या अठरा वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही अनेकदा प्रवाळाच्या खडकातून फोडलेला असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे चालतात, जिवाणूंना चिकटायला जागा मिळाली की झाले.

मासाही समुद्रातून पकडलेला घेऊ नका. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. दुकानदाराला विचारा, मासा पैदाशीचा की पकडलेला. आधी एकच जोडी सोडा, जिवाणूंना तेवढ्या ओझ्याची सवय होऊ द्या. पुढचा मासा महिन्याभराने.

गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल पाचोऱ्याहून आलेल्या पत्राचे उत्तर पुढच्या अंकात.