मानवतला जाता, मग टेंभुर्णीला का नाही?

२०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेबसिरीज आली आणि पन्नास वर्षे जुन्या हत्याकांडाची नव्याने चर्चा सुरू झाली. आपल्या हिंगोलीतूनही तरुण गाड्या काढून मानवतला जाऊन आले. 'ते झाड कुठे होते, तो वाडा कोणता', हे विचारत फिरले, रील टाकल्या. हेच तरुण १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवरही असतात. पण 'टेंभुर्णीला कधी गेलात का?' असे विचारले की उलट प्रश्न येतो, 'सोलापूरकडचे का?'

नाही. नांदेड जिल्ह्यातले टेंभुर्णी. पोचिराम कांबळेंचे टेंभुर्णी.

मानवतला जाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. १९७२ ते १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. मेलेल्यांत लहान मुली होत्या, बायका होत्या. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावे म्हणून बळी दिल्याचा आरोप होता. तिथे जायचेच असेल तर हा प्रश्न घेऊन जा, की नरबळीविरुद्धचा स्वतंत्र कायदा व्हायला या महाराष्ट्राला २०१३ साल का उजाडावे लागले? तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर! हा प्रश्न न विचारता नुसते झाड शोधत फिरणे म्हणजे मेलेल्या लेकरांच्या जिवावर करमणूक आहे.

आता टेंभुर्णीकडे या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आठव्या दिवशी, ४ ऑगस्टला, पोचिराम कांबळेंना जमावाने ठार मारले. 'जयभीम सोड, रामराम म्हण' असा दबाव आणला तरी त्यांनी जयभीम सोडला नाही, ही हकिगत चळवळीत आजही सांगितली जाते. नांदेड जिल्ह्यातल्याच सुगावचे जनार्दन मवाडे याच काळात शहीद झाले.

मानवतवर सिरीज होते आणि टेंभुर्णीवर होत नाही, याचे कारण सोपे आहे. मानवतमध्ये रहस्य आहे. खुनी कोण, हे शेवटपर्यंत ताणता येते. टेंभुर्णीत कसले रहस्य? खुनी अंधारात लपलेला नव्हता, जमाव होऊन आला होता. तिथे 'कोणी मारले' यापेक्षा 'गाव गप्प का बसले' हा प्रश्न मोठा आहे. या प्रश्नाचे उत्तर कोणी पोलीस अधिकारी येऊन शोधून देत नाही. ते समाजाने स्वतः द्यायचे असते, म्हणून ते करमणुकीला चालत नाही.

विद्यापीठाचे नाव हे निमित्त होते. आपली माणसे गावकीची कामे सोडत होती, गायरान कसत होती, पोरांना कॉलेजात पाठवत होती, राखीव जागांवर नोकरीला लागत होती. जातदांडग्यांना खुपत होते ते हे. म्हणून तर ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, अशा मजुरांची घरे जाळली गेली.

आणखी एक गोष्ट आपल्याच पोरांना माहीत नसते. पोचिराम कांबळे मातंग समाजातले होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करायला मुभा दिली. तेव्हापासून मोबाईलवर बौद्ध आणि मातंग पोरे एकमेकांची उणीदुणी काढत बसली आहेत. उपवर्गीकरणावर आमच्यातही दोन मते आहेत. त्यावर वाद जरूर व्हावा, आकडे घेऊन व्हावा. पण 'बाबासाहेब तुमचे, अण्णाभाऊ आमचे' अशी वाटणी कोणी करत असेल तर त्याला एकच विचारा, पोचिराम कांबळे कोणाच्या वाट्याला टाकणार? बाबासाहेबांच्या नावासाठी मातंग माणसाने जीव दिला, यापुढे कोणती वाटणी टिकते?

म्हणून आमची मागणी साधी आहे. १४ एप्रिल आणि १ ऑगस्ट या तारखा दोन वस्त्यांत, दोन मंडळांत, दोन वर्गण्यांत वाटल्या गेल्यात. ४ ऑगस्ट ही तारीख वाटता येत नाही. त्या दिवशी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांतून बौद्ध आणि मातंग वस्त्यांनी मिळून गाडी काढावी आणि टेंभुर्णीला जावे. डीजे नको. मोबाईल खिशात ठेवा. अभिवादन करा, वस्तीत बसा, म्हाताऱ्या माणसांचे ऐका. कोणाला बोलायचे नसेल तर आग्रह करू नका. त्यांचे दुःख ही आपली सहल नाही.

आणि परत आल्यावर खरे काम सुरू करा. १९७८ साली हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हता. १ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यात होतो आणि नामांतराच्या दंगलीची झळ त्या जिल्ह्यालाही बसली होती. तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले आज साठी ओलांडून बसलेत. आपल्या गावात कोणाचे घर जळाले, कोण शेतात लपले, कोणाची मजुरी बंद केली, कोणत्या सवर्ण घराने आसरा दिला, हे त्यांना ठाऊक आहे. ते वहीत उतरवून घ्या. गाव, तारीख, सांगणाऱ्याचे वय लिहा. नाव लिहायचे असेल तर आधी त्यांना विचारा. आणखी दहा वर्षांनी हे सांगणारे कोणी उरणार नाही.

१९९४ च्या १४ जानेवारीला नामांतराचे नामविस्तारावर भागवले गेले. तेवढे पदरात पडायलाही सोळा वर्षे आणि कित्येक जीव लागले. गेटवर माथा टेकणाऱ्याने ती किंमत कुठे मोजली गेली ते गाव एकदा तरी पाहिले पाहिजे. खून झालेली जागा पाहायचीच असेल तर अशी पाहा, की परत येताना अंगावर शहारा नव्हे, हातात काम असेल.

जयभीम! जय लहुजी!