पंधरा सेकंदांचा फोटो

मैत्रिणींनो, न्यायमूर्ती पी. बी. सावंत आठवतात? सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, शिवाय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. १० सप्टेंबर २००८ ला 'टाइम्स नाऊ'ने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. नाव दुसऱ्याच न्यायाधीशांचं, फोटो मात्र सावंतांचा! जेमतेम पंधरा सेकंद. फोटो काढून टाकला, पण माफीची पट्टी फिरली ती सावंतांनी नोटीस पाठवल्यावर. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टानं शंभर कोटींची भरपाई ठरवली.

शंभर कोटी मला जास्तच वाटतात. अशा आकड्याची धास्ती मोठ्या चॅनेलपेक्षा वाळूचोरीवर लिहिणाऱ्या तालुक्याच्या साप्ताहिकालाच बसायची. पण सावंतांची चीड पटते. ते निदान कोर्टात जाऊ शकले.

आमच्या मिरजगावात एकानं पेपर वाचला की चार जण ऐकतात, संध्याकाळपर्यंत बातमी वाड्यावस्त्यांवर. ओळखीच्या एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंवर 'अपहारा'ची बातमी आली, तेव्हा तिला दळणाला जाणंही नकोसं झालं. बँकेनं तपासलं, पै न् पै जुळली. खुलासा आला आतल्या पानावर, चार ओळींचा. तो कोण मोठ्यानं वाचणार? वार्ताहरानं तिला आधी एक फोन केला असता तर?

चूक थोरामोठ्यांच्या हातूनही होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या कळवळ्यानं टिळक-आगरकरांनी दिवाण बर्व्यांविरुद्धची पत्रं छापली. ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये शिक्षा झालीच, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. ते १०१ दिवस आपण पोरांना अभिमानानं सांगतो. बर्व्यांची बाजू कोणी सांगत नाही.

बदनामीचा गुन्हा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसतं 'खरं आहे' म्हणून छापणारा सुटत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. पण रोजंदारी बुडवून कर्जतच्या कोर्टात हेलपाटे कोण घालणार? त्यापेक्षा प्रेस कौन्सिलची वाट सोपी. दैनिकाविरुद्धची तक्रार छापल्यापासून दोन महिन्यांत करायची. कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे ओढते, आणि टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही. आधी संपादकांना लेखी कळवावं लागतं. त्या पत्राची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती मात्र जपून ठेवा.