सहा महिने झाले, पण मांडीचं काय?

कबड्डीच्या मॅटवर चढाईला गेलेल्या मुलाचा पाय पकडीत अडकतो, अंग एकीकडे वळतं, गुडघा तिथेच राहतो आणि त्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट जातं. खो-खोत आणि कुस्तीच्या आखाड्यातही हेच होतं, दुचाकी घसरली तरी होतं. मग एमआरआय, दुर्बिणीतून ऑपरेशन, मांडीच्या मागच्या बाजूच्या कंडरा काढून त्यांचं नवं एसीएल. घरी सोडताना बहुतेकांना एक वाक्य सांगितलं जातं : सहा महिन्यांनी खेळायला लागा. माझा विरोध या वाक्याला आहे. फिजिओथेरपीच्या टेबलाजवळ उभं राहून या वाक्याचे परिणाम मी पाहत आलो आहे.

समोरच्या पक्षाचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते अडाणीपणाचं नाही. पूर्वी ऑपरेशननंतर गुडघा कित्येक आठवडे बांधून ठेवत. 1990 साली शेल्बर्न आणि निट्झ या अमेरिकनांनी लवकर गुडघा सरळ करा, लवकर पायावर वजन द्या, असा वेगवान मार्ग दाखवला आणि रुग्णांचे हाल कमी झाले. सहा महिन्यांत मैदान हा हिशोब पुढे रूढ झाला. तोवर नवी कंडरा हाडात धरलेली असते, गुडघा पूर्ण वाकतो, दुखत नाही. आणि पोलीस भरतीची 1600 मीटरची धाव कुणासाठी थांबत नाही. मग मुलाला अडवून का ठेवायचं?

अडवायचं, कारण सर्जनने लिगामेंट बसवलं आहे, मांडी नाही. उडी मारून खाली येताना, पळता पळता थांबताना धक्का झेलतात ते मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू, म्हणजे क्वाड्स. ते कमजोर असतील तर तो धक्का सांध्यावर आणि नव्या लिगामेंटवर जातो. ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त नुकसान याच स्नायूंचं होतं आणि ते आपोआप भरून येत नाही.

का येत नाही, हे घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी समजून घ्यायला हवं. मुलगा पाय ताणायला बघतो, मांडी नुसती थरथरते आणि भोवतालचे म्हणतात, हा जोरच लावत नाही. त्याच्या आळसाशी याचा संबंध नसतो. गुडघ्यात सूज असेल तर सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश क्वाड्सना आवरून धरतात. जखमी सांधा वाचवण्यासाठी शरीर स्वतःच त्या स्नायूची ताकद कापतं. 1984 साली स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुडघ्यांत सलाइन सोडून हे तपासलं. 20 ते 30 मिलिलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पाडायला पुरला. तपासलेल्या बाकीच्या दोन स्नायूंना सुमारे दुप्पट लागला. गुडघ्यात कुठे दुखत नव्हतं, काही तुटलंही नव्हतं, तरी हे झालं. मग ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात काय होत असेल? म्हणून पहिल्या आठवड्यांचं काम ठरलेलं आहे : सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडी जागी करणं. विजेच्या यंत्राचा इथे खरा उपयोग आहे, पण प्रवाह जोरदार असेल आणि त्याच क्षणी रुग्ण स्वतःही मांडी आवळत असेल तरच. मुंग्या येण्याइतका करंट लावून रुग्णाला मोबाइल बघत पाडून ठेवणं हा उपचार नव्हे. तेलाच्या मालिशने बरं वाटतं, वाटू द्यावं. सुकलेली मांडी त्याने भरत नाही.

दुसरा आक्षेप भीतीपोटी येतो. वजन लावलं तर नवं लिगामेंट तुटेल, म्हणून टॉवेल दाबा, पाय सरळ उचला, सायकल चालवा. या भीतीत सत्याचा अंश आहे आणि तो मी मान्य करतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करताना, म्हणजे लेग एक्स्टेन्शनमध्ये, शेवटच्या टप्प्यात एसीएलवर ताण वाढतो. नवी कंडरा पहिल्या काही महिन्यांत नाजूकही असते. हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागची, कंडरा वापरली असेल तर हा व्यायाम फार लवकर सुरू केल्याने गुडघा थोडा ढिला राहिल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. पण यावरून निघतं ते एवढंच की सुरुवातीला गुडघा पुरता सरळ न करता मर्यादित कोनात व्यायाम करा, सर्जनला विचारून वेळ ठरवा, वजन पायरीपायरीने वाढवा. लेग एक्स्टेन्शनला कायमची बंदी यावरून निघत नाही. 2000 साली मिकेल्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सहाव्या आठवड्यापासून हा व्यायाम जोडलेल्यांची मांडी जास्त ताकदवान झाली आणि गुडघा अधिक ढिला झाला नाही. टॉवेल दाबणं ही सुरुवात आहे. चौथ्या महिन्यातही मुलगा टॉवेलच दाबत असेल, तर त्याचे ते महिने वाया गेले.

आमच्या तालमींचं म्हणणं याहून वेगळं : बैठका मारा, मांडी येईल. बैठकांबद्दल मला आदर आहे, निरोगी पायांची मांडी त्यांनी घडवली आहे. पण दोन पायांवरच्या बैठकीत शरीर नकळत भार चांगल्या पायाकडे सरकवतं. शंभर बैठका पूर्ण होतात आणि त्यातलं बरंचसं काम ज्याला गरज नाही त्याच पायाने केलेलं असतं. एका पायावरच्या लांब उडीतही अशीच फसगत होते. उडीचं अंतर दोन्ही पायांचं सारखं भरतं, कारण कंबर आणि घोटा गुडघ्याची कमी भरून काढतात. म्हणून बैठकांसोबत एका पायाचा स्वतंत्र व्यायाम हवा आणि एकेका मांडीच्या ताकदीचं स्वतंत्र मापही.

आता कॅलेंडरबद्दल. डेलावेअर आणि ओस्लो इथल्या 106 खेळाडूंवरचा ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटला. मांडीची ताकद, उड्या आणि खेळाडूचं स्वतःचं मूल्यमापन या कसोट्यांवर न उतरता परतलेल्यांपैकी 38.2 टक्के पुन्हा जखमी झाले, उतरलेल्यांपैकी 5.6 टक्के. अभ्यास लहान आहे, टक्केवारी दशांशापर्यंत कुणी धरून बसू नये. पण ती कुठे बोट दाखवते ते स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या विगिन्स यांच्या एकत्रित विश्लेषणात 25 वर्षांखालचे, खेळात परतलेले जे होते, त्यांच्यापैकी 23 टक्क्यांना दुसरी एसीएल इजा झाली, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला. म्हणजे चारांतला जवळपास एक.

इथे कुस्तीगीर विनेश फोगाटचं नाव हमखास निघतं. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय सुवर्ण, ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धडक. तिच्या जिद्दीला माझा सलाम. पण तिच्याबरोबर तिची फिजिओ होती आणि शरीर घडवणं हेच तिचं दिवसभराचं काम होतं. सांगलीतला मुलगा आठवड्यातून एकदा एसटीने दवाखान्यात येतो. त्याने तिची तारीख उचलायची आणि तिची मेहनत सोडून द्यायची, हा सल्ला त्याच्या हिताचा नाही.

ग्रामीण भागात अशी ताकद मोजणं शक्य नाही, असं मला सांगतात. मोठी यंत्रं शहरांतच आहेत, हे खरं. पण लेग एक्स्टेन्शनचं यंत्र आज तालुक्याच्या जिममध्येही सापडतं. फिजिओने परवानगी दिल्यावर एकेका पायाने किती वजन उचललं जातं ते लिहून ठेवायला वहीपेन पुरतं. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान 90 टक्के हवा. अडचण खरी आहे ती पैशाची. अनेक विमा पॉलिसी डिस्चार्जनंतरचा खर्च 60 ते 90 दिवसांपुरताच देतात आणि मांडीचं काम नऊ महिने चालतं. म्हणून कुटुंबाने फिजिओथेरपीचा खर्च ऑपरेशनच्या खर्चात पहिल्या दिवशीच धरावा आणि सर्जननेही तो तसा सांगावा.

या 90 टक्क्यांतही एक खोट आहे. खाट धरल्यावर चांगला पायही कमजोर होतो आणि अशक्त पायाशी केलेली बरोबरी आकडा फुगवते. शिवाय ऑपरेशनपूर्वीच ज्यांची मांडी 20 टक्क्यांहून अधिक मागे होती, त्यांची उणीव दोन वर्षांनंतरही टिकल्याचं नॉर्वेतल्या अभ्यासात 2009 साली दिसलं. मांडी आधी सुधारायला वेळही बहुधा असतो : अस्थिरतेचा त्रास नसेल, गुडघा अडकत नसेल, गुडघ्यातली गादी फाटून मध्ये आलेली नसेल, तर नुसत्या एसीएलसाठी ऑपरेशनच्या धावपळीची गरज सहसा नसते. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी व्यायाम करून गरज पडली तरच ऑपरेशन केलेल्यांचा गुडघा दोन वर्षांनी लगेच ऑपरेशन केलेल्यांइतकाच चांगला होता.

तेव्हा आईवडिलांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. सर्जनच्या संमतीने ऑपरेशनआधीचे काही आठवडे मांडीच्या व्यायामाला द्या, तारीख ठरवण्यापूर्वी दोन्ही पायांची ताकद मोजून घ्या आणि तो कागद एमआरआयच्या फाइलमध्ये लावून ठेवा. नऊ महिन्यांनी मुलाला मॅटवर उतरवायचं की नाही, हे त्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून ठरवा.