कुणाच्या रक्तावरून कुणाचं भाकीत?

लस कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही, हे संगणक आधीच सांगेल, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. हे यंत्र ज्या रक्तावर शिकलं, ते बहुतेक वेळा अमेरिका-युरोपातल्या मोठ्या विद्यापीठांच्या आसपास राहणाऱ्या निरोगी, धडधाकट प्रौढांचं असतं. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष त्यांच्यापुरते खरे असतीलही. पण ते सगळ्या मानवजातीच्या नावावर खपवले जातात, आणि मी याला फसवणूकच म्हणतो.

या शास्त्राशी माझं वैर नाही. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात बाली पुलेंद्रन यांच्या गटाने केलेलं आणि २००९ साली छापलेलं पीतज्वराच्या लशीवरचं काम मला आजही थोर वाटतं. १५ जणांचं रक्त लस टोचण्याआधी आणि नंतर ठरावीक दिवशी काढलं. पांढऱ्या पेशींतलं कोणतं जनुक किती चालू झालं, ते मोजलं. पहिल्या आठवड्यातल्या या हालचालींवरून पुढे कुणाच्या अंगात किती अँटिबॉडी तयार होतील, हे यंत्राला शोधायला लावलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना तग धरायला मदत करणारं टीएनएफआरएसएफ१७ हे जनुक त्यातून पुढे आलं. महत्त्वाचं म्हणजे हा अंदाज त्यांनी दुसऱ्याच लोकांच्या रक्तावर पडताळून पाहिला. २०११ साली फ्लूच्या लशीच्या अभ्यासातही तेच जनुक पुन्हा दिसलं.

अशी शिस्त पुढच्या गर्दीत फार थोड्यांनी पाळली. एका नमुन्यात वीसेक हजार जनुकं मोजायची आणि माणसं मात्र पंधरा-वीस, म्हटल्यावर निव्वळ योगायोगाने काहीतरी जुळतंच. तरुणांचे नमुने एका दिवशी तपासले आणि वृद्धांचे दुसऱ्या दिवशी, तर यंत्र प्रतिकारशक्तीऐवजी तपासणीचा दिवस ओळखायला शिकतं आणि अचूकतेचा आकडा तरीही झकास येतो. निकाल हातात असताना केलेलं भाकीत म्हणजे लग्न लागल्यावर जुळवलेली पत्रिका. तिला शास्त्र म्हणायची माझी तयारी नाही.

पण खरा घोळ याहून खोल आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या अनेक संस्थांनी मिळून फ्लूच्या लशीवरचा अभ्यास छापला. लस घेण्याआधीच्या रक्तातल्या ज्या खुणा तरुणांमध्ये चांगल्या प्रतिसादाचं लक्षण ठरल्या, त्याच वृद्धांमध्ये उलट्या दिशेने गेल्या. २०२२ साली १३ लशी आणि ८२० निरोगी प्रौढ एकत्र घेतले, तेव्हा आधीपासून दाहाच्या खुणा जास्त असलेल्यांत अँटिबॉडी एकंदरीत जास्त निघाल्या. आणि युगांडातल्या एन्टेबीत? २०१४ साली तिथल्या लोकांची स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या लोकांशी तुलना झाली होती. लस तीच, पीतज्वराची. एन्टेबीकरांची प्रतिकारयंत्रणा आधीच चाळवलेली होती आणि तिथे लशीचा प्रतिसाद कमी पडला. दोन्हीकडची मोजमापं अगदी सारखी नव्हती, हे मान्य. तरीही ८२० जणांवर शिकलेलं यंत्र एन्टेबीत नेऊन बसवलं, तर ते उलटा कौल देण्याची भीती उघड आहे. हे कळूनही जो 'सार्वत्रिक खूण' असा मथळा देतो, तो जाणूनबुजून डोळेझाक करतो.

लस जिथे कमी पडते, ती ठिकाणं आपल्याला पाठ आहेत. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस युरोपात तीव्र जुलाबांपासून ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण देते. मलावीत तशीच लस ४९ टक्क्यांवर आली. आपल्या रोटाव्हॅकची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे सुमारे ६,८०० बाळांवर झाली. पहिल्या वर्षात संरक्षण ५६ टक्के. पोलिओचे थेंब आपल्याकडच्या मुलांत कमी लागू पडतात, हे वेल्लोरचे डॉ. जेकब जॉन १९७०च्या दशकापासून ओरडून सांगत होते. लस का फसते, हा प्रश्न या मुलांच्या आतड्यात आणि रक्तात आहे. यंत्राला शिकवायचं असेल, तर तिथूनच शिकवायला हवं.

बाळाचं रक्त पुन्हा पुन्हा काढता येत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्याची आई आहे, आजोबा आहेत, शेजारचा बारावीतला मुलगा आहे. त्यांना फ्लूची किंवा धनुर्वाताची लस देऊन सातव्या दिवशी रक्त घ्यायला कोण अडवतंय? आपण १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, चांगलंच झालं. पण लस टोचल्यावर सातव्या दिवशी पेशी काय करतात, हे जीनोम सांगत नाही. त्यासाठी गावात शीतसाखळी लागते, प्रशिक्षित परिचारिका लागते आणि त्याच माणसाकडे पुन्हा जाणारी आशाताई लागते. त्यावर खर्च करायची वेळ आली की सगळ्यांना संगणकाचं नवं मॉडेल आठवतं.

अमेरिकेत सॅन दिएगोतल्या ला होया इथली प्रतिकारशास्त्र संस्था डांग्या खोकल्याच्या बूस्टरवर खुली स्पर्धा घेते. निकाल झाकून ठेवतात आणि भाकीत आधी मागतात. असंच हवं. त्या अभ्यासात एक मोठा भेद पाहतात: लहानपणी सबंध जंतूची जुनी लस मिळाली की नवी, शुद्ध केलेल्या प्रथिनांची. हा फरक मोठेपणीही पेशींत दिसतो. अमेरिकेने जुनी लस १९९०च्या दशकात सोडली, त्यामुळे ती घेतलेली माणसं तिथे आता तिशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आपल्या सरकारी लसीकरणात आजही तीच जुनी लस पंचगुणी लशीतून दिली जाते, ती पुण्यातही बनते आणि दरवर्षी सुमारे अडीच कोटी बाळं इथे जन्मतात. मग जुन्या लशीची स्मृती किती टिकते, हे सॅन दिएगोतल्या तिशीच्या माणसांना विचारण्यापुरतंच का थांबायचं? याचं उत्तर मला दिल्लीकडून हवंय आणि पुण्याकडूनही.