मासा खा, पण विमानातून उतरल्यावर

नाचणगावातून विमान गाठायचे म्हणजे पहाटेच घर सोडावे लागते. पुलगावहून रेल्वे, मग नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मग सामानाची तपासणी. आत पोहोचेपर्यंत पोटात कावळे ओरडू लागतात. लेकाने किंवा लेकीने नोकरीच्या गावाहून आईबापाला तिकीट पाठवले, याचा आम्हाला अभिमान वाटतो. ज्यांच्या आजोबांना हॉटेलात वेगळी कपबशी होती, त्यांनी विमानतळावर टेबलाशी बसून सुरमईची थाळी मागवावी, यात काहीच वावगे नाही. आमचे म्हणणे फक्त वेळेबद्दल आहे.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी परतीच्या विमानापूर्वी असाच बांगडा खाल्ला. विमान वर गेले आणि तोंड लालबुंद, डोके ठणकायला लागले, अंगावर गांध्या, छातीत धडधड. उतरल्यावर डॉक्टरांनी औषध दिले, मावशी बऱ्या झाल्या. पण तो एक तास घरचे आजही विसरत नाहीत.

असे का होते? बांगडा, सुरमई, टूना हे मासे पकडल्यापासून बर्फात नीट राहिले नाहीत, तर त्यांत हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवून किंवा तळून जात नाही. वासावरून, चवीवरूनही बहुधा कळत नाही. कोळंबी आणि खेकड्याची अ‍ॅलर्जी तर मोठेपणीही सुरू होऊ शकते. आपली सवय नदी-तलावाच्या माशांची. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. नवा मासा पहिल्यांदा खायचा तर जिथे दवाखाना जवळ आहे तिथे खावा, आभाळात नव्हे.

दुसरी गोष्ट हवेची. विमानातला हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. त्या दाबाला पोटातला वायू फुगतो. तेलकट, मसालेदार जेवण झाले असेल तर जीव कासावीस होतो.

सिकलसेलचा आजार असलेल्यांनी तर जास्तच जपावे. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो, त्यात वर हवेतला प्राणवायूही कमी. विमानाने जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि प्रवासभर पाणी पीत राहा.

मग खायचे काय? घरून पोळी, कोरडी भाजी, केळी न्या. कोरडे पदार्थ हातातल्या पिशवीत चालतात, रस्सा मात्र अडवतात. रिकामी बाटली सोबत ठेवा आणि तपासणी झाल्यावर आत भरून घ्या. मासाच खायचा असेल तर नेहमी पचणारा, समोर ताजा शिजवून आणलेला, वाफाळता घ्या. काचेच्या पेटीत मांडून ठेवलेला नको. खाल्ल्यावर अंगाला खाज सुटली, तोंड सुजले किंवा श्वास लागला, तर विमानात चढू नका, लगेच तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून डॉक्टर गाठा. विमानात असाल तर बटण दाबून बोलवा. संकोच करू नका.

विमानतळावर डबा उघडायलाही लाजू नका. लेकीच्या घरी पोहोचा, तिच्यासोबत बाजारात जा, ताजा मासा आणा आणि सगळे मिळून पोटभर जेवा.